बाळंतिणीच्या खोलीतले डबे

६ जानेवारी १९७४, रविवार

ही डायरी टायरवाल्या एजंटानं चिंगीच्या बाला, म्हंजी माज्या मालकाला दिली. त्याला लिवता येत न्हाई म्हनून माज्याकडं आली. मी चौथी पास हाय. फुडं शिकायचं तर म्हायेरच्या आंदर मावळातनं खाली यायला लागतं, कोन पाटवनार. सासू म्हनती बाळंतिनीनं लिवलं तर डोळं जात्यात. म्हनून डायरी पोराच्या दुपट्याच्या घडीत ठेवते आन ती भाईर गेली की काढते.

परवा शुक्रवारी पोरगा झाला. चिंगीच्या पाठीवर तीन वर्सानं. दिसायला चिंगीच्या बावानीच हाय, कपाळ मोटं. समद्यांला लय आनंद झाला. मला बी झाला व्हता, आज दुपारपतूर.

आमचं कार्ले फाट्याला मुंबई-पुण्याच्या रोडला पंक्चरचं दुकान हाय. फुडं दुकान, मागं एक खोली, मधी लुगड्याचा पडदा. मागं पडवीत चूल. खोलीत माजी बाज, बाजंखाली शेगडी, कोपऱ्यात मोरी. बास.

दिवाळीपास्नं पेट्रोलची बोंब हाय. अरबांनी कमी दिलं म्हनत्यात, भाव बी लय वाढलाय. मुंबईच्या गाड्या घाट चढून येत्यात आन हितं दम तोडत्यात. गोविंदा म्हनून एका टँकरवर क्लीनर हाय. त्यो नळी लावून टँकरातलं काढतो आन चिंगीच्या बाला देतो. चिंगीचा बा त्ये बाटली बाटलीनं गाडीवाल्यांना इकतो. आधी डबं दुकानामागं ताडपत्रीखाली ठेवायचा. गेल्या आटवड्यात कामशेतकडं एकाला पोलिसांनी धरलं. तवापास्नं ह्याचा जीव थाऱ्यावर न्हाई.

आज दुपारी डबं उचलून खोलीतच घिऊन आला. डालड्याचे चौकोनी डबं, तोंडाला चिंध्या कोंबलेल्या. कनगीच्या मागं लावलं आन वर वाकळ टाकली.

मी म्हनले, "आवो, हितं शेगडी हाय."

त्यो म्हनला, "म्हनून तर आनलं. बाळंतिनीच्या खोलीत कोन येतंय बगायला? फौजदार बी यायचा न्हाई."

आत्या, म्हंजी माजी सासू, हसली. "बग माज्या नवशाचं डोकं! पोरगं काय उगंच आलंय व्हय, लक्षुमी घिऊन आलंय."

मी पोराकडं बगितलं. त्यो झोपला व्हता.


७ जानेवारी, सोमवार

चिंगी आज दोनदा ओकली. तिचं डोकं दुखतंय. ती खाली भुईवर गोधडीत झोपती. मला बाजंवर एवढं काय वाटत न्हाई, पर खाली वाकलं की घशात बसतं, डोळ्यात पानी येतं. वास खाली बसतोय. वर येत न्हाई, पान्यावानी खाली साचतोय. आन शेगडी बी खालीच हाय.

आत्याला सांगितलं. ती म्हनली, "येतोय खरा वास. कुनी आलं तर कळंल." आन मूठभर ओवा, शेपा, लसनाची सालटं निखाऱ्यावर टाकली. एवढा जाळ झाला की बाजंची सुंभं तापली. म्हनली, "आता बग, गेला का न्हाई?"

वास जात न्हाई म्हनून ती दिसभर शेगडी फुलवती. मी पाय वर घिऊन बसते. जसं काय पाय वर घेतल्यानं वाचनार हाय.


८ जानेवारी, मंगळवार

आज पाचवी. आत्यानं पाटावरवंटा मांडला, हळदीकुंकू वाह्यलं, कोरा कागुद आन पेन्शील ठेवली. सटवाई येती आन पोराच्या कपाळावर लिवती. दिवा भुईवर लावायचा आन सकाळपतूर इजू द्यायचा न्हाई.

मी हात जोडलं, "आत्या, दिवा कोनाड्यात ठेवा."

"सटवाई काय शिडी लावून कोनाड्यात चढनार व्हय?"

"कनगीमागं पेट्रोल हाय आत्या."

"हळू बोल. पेट्रोल काय देवीच्या दिव्याला धरतंय?"

दिवा खालीच ठेवला. मी पोराला छातीशी धरून दिव्याकडं बगत बसले. ज्योत सरळ न्हाई उबी ऱ्हायची, कनगीकडं वाकायची. कदाचित वारं आसंल. मनात म्हनत व्हते, सटवाई, काय लिवायचं त्ये लवकर लिव बाई आन जा. पुना वाटलं, घाईत वंगाळ लिवलं तर?


९ जानेवारी, बुधवार

आज हवालदार आला.

मी बाजंवर. पडद्याखालनं त्याचं बूट दिसत व्हतं, खिळ्याचं.

"काय रे नवश्या, मागं काय आहे?"

"सायेब, बाळंतीन हाय. शुक्रवारी झाली."

"मुलगा का मुलगी?"

"पोरगा."

"मग पेढे कुठायत, चोरा?"

"पेढं देतो की सायेब. आत या ना, पोरगा बगा." असं म्हनला त्यो! 

बूट मागं सरकलं. "नको रे बाबा. उद्या माझ्या घरी सत्यनारायण आहे, सोयर लागायचं मला. पण वास कसला येतोय एवढा?"

"सोलुशन, सायेब. पंक्चरचं."

आन आत्या पडवीतनं वरडली, "आन बाळंतशेपा!"

हवालदार हसला. जाता जाता पडद्यापाशीच बिडी पेटवली आन काडी टाकली ती पडद्याखालनं आत आली. जळती. मी बाजंवरनं उडी टाकली आन तिच्यावर पाय दिला. उघडा पाय. वरडले न्हाई, पोलीस भाईर व्हता.

त्यो गेल्यावर चिंगीचा बा नाचतच आत आला. "बगितलंस? बगितलंस का न्हाई?" पोराचा मुका घेतला. गोविंदासंगं टँकरातनं नळी तोंडानं वढून वढून त्याच्या व्हटाला फोड आलेत. म्हनले, "त्या तोंडानं पोराला लावू नका." त्याला वाईट वाटलं. म्हनला, "तुमच्यासाठीच चाललंय ना समदं. हवेचं मशीन घेतलं की हा धंदा सोडतो. पायानं पंप मारून मारून गुडघं गेलं गं माजं."

त्ये बी खरं हाय. ट्रकचा टायर भरायला त्याला लय वेळ जातो, घामानं निथळतो. 

पायाला फोड आलाय. आत्याला सांगितलं, निखारा पडला म्हनून.


१० जानेवारी, गुरुवार

आता त्याला भीतीच न्हाई ऱ्हायली. आज आनखी डबं आले. कनगीमागं मावंना तर माज्या बाजंखाली डोक्याकडनं लावले. शेगडी पायाकडनं. एक मातीचा डेरा बी आनलाय. त्यो पाझरतोय, भाईरनं वला लागतोय. मी दाखवलं तर म्हनला, "नवा डेरा पाझरतोच, मुरंल." पान्याच्या डेऱ्याचं सांगितल्यागत.

आन भरायचं काम बी आता खोलीतच. नरसाळं लावून डब्यातनं बाटलीत. भाईर लोकं बगत्यात म्हनून. थेंब भुईवर पडत्यात, त्यो पायानं पुसतो.

दुपारी त्यो बाटली घिऊन भाईर गेला. मी पोराला पाजत व्हते. शेगडीपास्नं एक निळी झळ निगाली. आवाज न्हाई, धूर न्हाई. भुईवरनं सरसर मोरीपतूर गेली आन इजली. चिंगीच्या गोधडीची दशी जळाली. चिंगी गोधडीवर नव्हती, पडवीत व्हती.

मी बोंब मारली. आत्या आली. दशी दाखवली. म्हनली, "ही कवाची जळालीय." मी म्हनले, "न्हाई, आत्ता!" तिनं माज्या कानात कापूस घातला. म्हनली, "बाळंतवारं लागलं तुला. तसलं दिसतंय." आन मीठमव्हऱ्या ववाळून शेगडीतच टाकल्या.

संध्याकाळच्याला चंपा आली. ती फाट्यावरच ऱ्हाती, भाजल्या शेंगा इकती, मूळची परंदवडीची हाय. सरळ आत आली. आत्या म्हनली, "आगं, सोयर हाय." चंपा म्हनली, "आमी छप्पन साली सोडला तुमचा इटाळ, मावशी. मला पोरगा बगू द्या." आत आली आन तिथंच थांबली. नाक वर केलं.

"हिरी, ह्ये काय गं?"

आत्या पान्याला गेली तवा तिला समदं सांगितलं. चंपाचा नवरा निवृत्ती सोमाटन्याकडं कारखान्यात हाय. ती म्हनली, त्यांच्यात असलंच पेटनारं पातळ औषध येतं तर लांब मोकळ्या शेडात ठेवत्यात, सावलीला. लोखंडी डबा, आट्यांचं झाकन. काठोकाठ भरत न्हाईत, गरमीनं फुगतं म्हनून. मान्सं राहत्यात तितं थेंब ठेवत न्हाईत. आन वाळूच्या बादल्या टांगल्यात. पानी न्हाई टाकायचं, पान्यावर त्ये तरंगतं, जळत जळत फुडं जातं. माती टाकायची.

मी इचारलं, "आन वास?"

"वास म्हंजी त्येच गं. नुसतं दिसत न्हाई."

मंग मी समजले. वास खाली बसतोय म्हंजी पेट्रोलच खाली बसलंय. चिंगी त्याच्यात झोपती.

चिंगीच्या बाला सांगितलं. म्हनला, "ह्यो काय कारखाना हाय? निवृत्ती एवढा शाना हाय तर बायकू शेंगा का इकती?"


११ जानेवारी, शुक्रवार

सकाळी शेगडीवर राखंचं टोपलं उपडं केलं. पानी न्हाई टाकलं.

आत्यानं कपाळावर हात मारला. "आगं, तू आई का वैरीन? आठ दिसाचं लेकरू, पुसाची थंडी, आन शेक बंद केला?"

"मंग डबं भाईर न्या."

"डबं न्हाई जायचं. नवशा काय चोरी करतो का? समदी करत्यात."

"मंग शेगडी न्हाई लावायची."

असं मी सासूला पयल्यांदा बोलले. ती रडायला लागली. मला वाटलं मारंल, तर रडली. म्हनली, तिची दोन पोरं अशीच गेली, नवशाच्या आधी. एक भाताच्या खळ्यावर झाली आन एक गोठ्यात. दोनी गार पडून. तवापास्नं तिनं नवस केला आन ह्यो झाला, म्हनून नाव नवशा. "माज्या हातात तवा शेगडी असती तर," म्हनली, आन पदरानं तोंड झाकलं.

मला म्हाईत नव्हतं. तिनं आजवर कुनाला सांगितलं नसंल.

तरी मी शेगडी लावू दिली न्हाई.


१२ जानेवारी, शनिवार

पोराची छाती घरघरतीय. पाय गार. दूध वढत न्हाई, दोन घोट घेतो आन सोडतो.

आत्या नुसती बगती माज्याकडं. त्या बगन्यापरीस शिव्या बऱ्या.

शेगडी लावली तर आमी जळनार. न्हाई लावली तर ह्यो जानार. मी काय करू? मी कुनाला इचारू? हवालदाराला सांगितलं तर नवरा आत जाईल. मंग दुकान गेलं, आमी भाकरी कुटनं खानार. रोडवरनं दिसभर गाड्या जात्यात, एवढी मान्सं, आन मला एक मानूस न्हाई.

मंगळवारी बारसं. माजा भाऊ कोंडू येनार हाय गावाकनं कुंची-टोपरं घिऊन. त्याला सांगनार, मला ने. चालत न्हेलं तरी चालंल. मंगळवारपतूर पोर जगलं पायजे.

चंपानं सांगितलं, उघडं करून छातीला लाव, वरनं पांघरून घे. म्हनली, तूच शेगडी. आन सकाळच्या उनात घे. तसंच घेतलंय. त्याचं काळीज माज्या छातीवर फडफडतंय. मधीच थांबल्यागत व्हतं. मंग मी बी दम धरते.


१४ जानेवारी, सोमवार

आज संक्रांत हाय म्हनं. पुण्याच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिवते. डायरी दुपट्यात व्हती म्हनून ऱ्हायली. बाकी काय ऱ्हायलं न्हाई.

काल रविवार, लेनी बगायला लय गाड्या. चिंगीच्या बाची पळापळ. आत यायचा, भरायचा, पळायचा. मोटा डबा नरसाळ्यात वतताना हातनं निसटला. अर्धा तरी सांडला भुईवर. गाडीवाला भाईर हारन वाजवत व्हता. ह्यानं वर गोनपाट टाकलं आन म्हनला, "सुकंल आत्ता."

मी पोराला उचललं आन भाईर आले. चंपा मागच्या उनात बसली व्हती, तिच्या मांडीवर दिलं. आत्यानं माजं आंगुळीचं पानी काढलं व्हतं. मी म्हनले, "आत्या, आत जाऊ नका. पेट्रोल सांडलंय. वास जाऊ द्या." ती व्हय म्हनली. व्हयच म्हनली ती.

पोर काल बरं व्हतं. सकाळी दूध प्यालं व्हतं. पाय गरम व्हते. मी आत्याला हात लावून दाखवलं व्हतं. ती म्हनली, "व्हय, बरा हाय." पर तिचा भरवसा बसला नसंल.

मी पडवीभाईरच्या तट्ट्यामागं आंगुळ करत व्हते. तिनं चुलीतलं निखारं शेगडीत भरलं. मी न्हाऊन ओल्या आंगानं आत येनार, पोर आत येनार, तर खोली उबदार पायजे म्हनून.

ती दारात पोचली आसंल. आत पाय बी ठेवला नसंल. निसता हुप्प असा आवाज झाला, कनगीचं झाकन पडल्यागत. तट्टा माज्या आंगावर आला. मी बगितलं तर आत्या दारात उबी, आन तिच्या लुगड्याला खालपास्नं वरपतूर जाळ. वरडत नव्हती. शेगडी हातातच व्हती, सोडली नव्हती.

चिंगीचा बा दुकानातनं तिला धराय आला. हातानंच इजवायला लागला. गाडीवाल्यांतल्या कुनीतरी मोरीपाशी बादली वतली तर जाळ पान्यावर चढून पडवीत आला. मी वरडले, "माती टाका! पानी नको, माती!" माज्या आंगावर वलं लुगडं, त्याच्यातच मी दोनी हातानं फुफाटा उचलून आत्यावर टाकत व्हते. चंपानं चिंगीला आन पोराला रोडच्या पल्याड न्हेलं. मंग डबं फुटायला लागलं. टायर पेटले. काळा धूर पार लेनीच्या डोंगरापतूर गेला म्हनत्यात.

टेंपोत घालून पुण्याला आनलं. टेंपोत हवालदार बी व्हता, तीन-चार बापय व्हते. समदी मला खेटून बसली व्हती. सोयर कुटं गेलं कुनास ठावं.


१५ जानेवारी, मंगळवार

चिंगीच्या बाचे दोनी हात कोपरापतूर बांधलेत. डाक्टर म्हनतो बोटं ऱ्हातील, पर काम करतील का त्ये आता सांगता येत न्हाई.

आत्याला केळीच्या पानावर निजवलंय. तोंड तेवढं चांगलं हाय. हवालदार कागुद घिऊन आला. आज त्यो कडक बोलला न्हाई. खाली वाकून म्हनला, "मावशी, कसं झालं? घरात पेट्रोल होतं ना?"

आत्या म्हनली, "न्हाई. राकेलची चिमनी व्हती. माज्या हातनं सांडली."

"मावशी, एवढी आग राकेलची?"

"माज्या हातनं सांडली. नवशाला काय म्हाईत न्हाई. ल्हिव तू."

हवालदारानं माज्याकडं बगितलं. "तू सांग गं. काय होतं घरात?"

मी पडद्याकडं बगितलं. पडद्यापल्याड चिंगीचा बा पडला व्हता. आत्या माज्याकडं बगत व्हती, तशीच जशी शनिवारी बगत व्हती.

मी म्हनले, "चिमनी व्हती."

त्यानं लिवलं. आत्याचा आंगठा घ्यायला आंगठाच न्हाई. मंग माजी सही घेतली.

त्यो गेल्यावर आत्यानं मला डोळ्यानं जवळ बोलावलं. म्हनली, "पोराला शेक दिला का गं?"

मी म्हनले, "व्हय आत्या, दिला."

"किती वेळ?"

"दिसभर."

तिनं डोळं मिटलं.

दुपारी कोंडू आला. फाट्यावर जाऊन बगितलं, चंपानं हितलं सांगितलं. त्याच्या हातात कुंची-टोपरं तसंच व्हतं, हळदीकुंकू लावलेलं. कुटं ठेवावं त्याला कळंना.


१६ जानेवारी, बुधवार

आत्या गेली.


१९ जानेवारी, शनिवार

चंपाच्या पडवीत हाय, चिंगीच्या बाला बी हात बांधलेलेच दवाखान्यातनं हितं आनलंय. तिनं मागची बाजू दिली आमाला.

दुकानाच्या जागी काळा डाग हाय आन टायरातल्या तारा. समाचाराला मान्सं येत्यात. त्यांच्यातली एक बाई मला ऐकू जाईल असं बोलली, पोराचा पायगुन वंगाळ, आल्या आल्याच घराला आग. दुसरी म्हनली, बाळंतिनीनं शेगडी इजवली तवाच सटवाई कोपली. मी कान उघडं ठेवून ऐकलं. कानात कापूस असता तर बरं झालं असतं.

सुतकामुळं बारसं न्हाई. पोराला नाव न्हाई अजून. छातीची घरघर कमी हाय. त्याला मी खाली ठेवतच न्हाई.

कोंडू आज परत जायला निगाला. म्हनला, "आक्के, चल. पोरं घिऊन चल. बैलगाडी कान्ह्यापतूर आनतो."

मी म्हनले, "तुज्या दाजीला कोन भरवनार?"

"त्याचं त्यो बगंल."

"हातानं?"

कोंडूनं ह्याच्या पट्ट्यांकडं बगितलं. मंग म्हनला, "चिंगीला तरी दे." चिंगीला दिलं. चिंगी मामाच्या खांद्यावर बसून हसत गेली. तिला वाटतंय जत्रंला चाललीय. मला ह्ये बरं वाटायला पायजे. तिच्या नाकात त्यो वास न्हाई जानार. पर ती वळनापल्याड गेली तरी मी रोडकडंच बगत बसले.

दुपारी गोविंदा आला. टँकर रोडला लावून. आधी रडला. आत्या त्याला च्या द्यायची. मंग चिंगीच्या बाच्या कानाला लागला, दोघं हळू बोलले. मला एवढंच ऐकू आलं, "हात बरं झालं की." मंग गोविंदा गेला. टँकरच्या मागं साकळी लोंबकळती, ती रोडवर खनखन वाजत गेली.

मी भात कालवून आनला. पोराला एका मांडीवर घेतलं आन ह्याला भरवायला बसले. त्यानं तोंड उघडलं.

मी घास तसाच हातात धरला. म्हनले, "परत घरात आननार का?"

त्यानं घासाकडं बगितलं.

"बोला. भाईर ठेवनार, लांब, कसं का असंना. पोरं असत्यात तितं न्हाई आननार. एवढंच म्हना."

त्यानं तोंड मिटलं. पट्टी बांधलेलं हात मांडीवर तसंच. खाली बगत बसला. पोराकडं न्हाई, भाताकडं बी न्हाई. डोळ्यात पानी व्हतं त्याच्या, पर तोंडातनं सबूद न्हाई. व्हय बी न्हाई आन न्हाई बी न्हाई.

मी म्हनले, "तुमची आई गेली."

तरी न्हाई.

पडवीत समाचाराच्या बाया बसल्या व्हत्या, त्या माना वळवून बगायला लागल्या. नवऱ्याला हात न्हाईत आन बायकू घास दाखवून बसलीय. हात भरून आला माजा. भात गार झाला.

मंग मी भरवला.